आगोटीच्या तोंडावरील परसबाग

वैशाखाचे ऊन कलू लागले, विहिरीचा तळ दिसू लागला आणि झाडावरील शेवटचे आंबे खाली उतरले, म्हणजे परसबागेचे वर्ष संपले, असा पुष्कळांचा समज असतो. चवळीचे वेल वाळतात, भेंडी राठ होते, माठ फुलावर येतो. घरधनी भातशेतीच्या कामाकडे वळतो आणि घरामागील एक-दोन गुंठे जमीन पहिला पाऊस पडेपर्यंत तशीच टाकून दिली जाते. पाऊस पडला की तीत तण माजते, पाणी साचते, आणि ज्या घराच्या परसात मे महिन्यापर्यंत भाजी होती त्याच घराला आषाढात भाजीसाठी बाजार गाठावा लागतो. अशा वेळी भाजी महाग असते आणि पुष्कळदा शिळीही असते.

वस्तुतः उन्हाळ्याचे अखेरचे तीन आठवडे हा परसबागेच्या वर्षातील सर्वांत मोलाचा काळ होय. सरत्या हंगामाचे जे काही झाडावर व वेलावर उरले असेल त्याची बेगमी करणे, पुढील वर्षाचे बियाणे राखणे आणि पावसाळी भाज्यांसाठी जमीन सिद्ध करणे, ही तिन्ही कामे याच काळात साधतात. ती साधली तर श्रावण-भाद्रपदात घराला भाजी पुरते. चुकली तर पुढील चार महिने त्याची भरपाई होत नाही.

आपटा व आसपासचा प्रदेश

पनवेल तालुक्यातील आपटा हे गाव पाताळगंगेच्या काठी, कर्नाळ्याच्या डोंगराच्या परिसरात वसले आहे. पनवेल–रोहा लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. खोपोली येथील १९१५ साली सुरू झालेल्या जलविद्युत् केंद्रातून बाहेर पडणारे पाणी पाताळगंगेत येत असल्याने या नदीला उन्हाळ्यातही प्रवाह राहतो. तथापि नदी वाहती असली म्हणून उंचवट्यावरील प्रत्येक परसाला तिचे पाणी मिळते असे नाही. परसाची भिस्त घरच्या विहिरीवर, नळाच्या पाण्यावर व स्वयंपाकघरातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यावर असते. मे महिन्यात हे पाणी जपून वापरावे लागते.

जून उजाडला की चित्र एकदम पालटते. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. मे महिन्यात तहानलेली जमीन जुलैत पाण्याखाली जाते. कोकणातील परसबागेची खरी अडचण पाण्याच्या कमतरतेची नाही आणि अतिरेकाचीही नाही. एकातून दुसऱ्यात जाण्यास मिळणारा अवधी फार थोडा असतो, हीच ती अडचण होय.

पंचांग, पाऊस व कामाचा क्रम

२५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते आणि ७ जूनच्या सुमारास मृग निघतो. या दोन तिथींच्या आधाराने कोकणातील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या कामे उरकली. हवामान खात्याच्या हिशेबाप्रमाणेही मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. परंतु सर्वसाधारण तारखेवर सर्वस्वी विसंबणे किती धोक्याचे आहे, हे अलीकडील दोन वर्षांनी दाखवून दिले. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोहोचला. २०२५ साली तो २६ मे रोजीच, म्हणजे सोळा दिवस आधी, येऊन ठेपला. या दोन तारखांत पुरा एक महिन्याचा फरक आहे. २०२५ साली ज्यांनी वाळवणाचे काम मृगापर्यंत लांबविले होते त्यांना पावसाने आधीच गाठले, आणि २०२३ साली ज्यांनी पहिल्या सरीवर भरवसा ठेवून रोपे लावली त्यांना ती ओंजळीओंजळीने पाणी घालून जगवावी लागली.

यावरून कामाचा क्रम तारखेवरून न लावता कामाच्या स्वरूपावरून लावणे इष्ट ठरते. पावसाने जे बिघडेल ते सर्वांत आधी; पावसापूर्वीच जे करता येते ते त्यानंतर; आणि पावसाची वाट पाहू शकेल ते शेवटी, असा साधा नियम ध्यानात ठेवावा. वाळवण, बियाणे व फळांची उतरणी ही पहिल्या वर्गातील कामे होत. चर, वाफे, खड्डे, खत व मांडव ही दुसऱ्या वर्गात येतात. कलमे, छाट व रोपे लावणे हे तिसऱ्या वर्गातील काम होय. पहिल्या वर्गातील कामे मेच्या मध्यापर्यंत व दुसऱ्या वर्गातील कामे रोहिणी लागेपर्यंत आटोपली, म्हणजे पाऊस केव्हाही येवो, बाग सज्ज असते.

काढणी व बेगमी

झाडावरील आंबा पूर्ण पिकण्याची वाट पाहू नये. चौदा आणे तयार झालेले फळ देठासह उतरवावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रसृत केलेला नूतन झेला याकामी उपयोगी पडतो. त्याने देठ राहतो, चीक फळावर सांडत नाही आणि फळ आपटत नाही. वळवाच्या सरी पडू लागल्या की फळमाशीचा उपद्रव वाढतो. यास्तव झाडाखाली पडलेली, किडलेली फळे रोजच्या रोज गोळा करून दोन फूट खोल पुरावीत. ती उकिरड्यावर टाकली तर माशीची पैदास तेथेच होते. फळमाशीचे नर पकडण्यासाठी याच विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा प्रचारात आहे.

उतरविता न आलेल्या कैऱ्यांची आंबोशी करावी. कैरीच्या फोडींना मीठ लावून त्या कडक उन्हात वाळविल्या म्हणजे पावसाळाभर आमटी-कालवणाची सोय होते. ज्यांच्या परसात रातांब्याचे झाड असेल त्यांनी तर एक दिवसही दवडू नये. रातांब्याची साल मीठ घातलेल्या रसात भिजवावयाची व उन्हात वाळवावयाची, असे पाच ते सात वेळा केल्यावर आमसूल तयार होते. अर्थात सलग आठवडाभर तरी चांगले ऊन हवे. पावसात सापडलेले रातांबे सडतात व साल काळवंडते. बियाही टाकून देऊ नयेत. त्यांपासून कोकमतेल निघते.

फणसाच्या आठळ्या धुऊन, सावलीत सुकवून, कोरड्या मातीत किंवा राखेत ठेवाव्यात. भाजीला काही नसेल त्या दिवशी त्या उपयोगी पडतात. मिरच्या, गवार व कोवळी भेंडी सुकवून हवाबंद डब्यात भरावी. कांदा-लसणाच्या वेण्या जमिनीवर ढीग करून न ठेवता माळ्यावर हवेशीर जागी टांगाव्यात. रायगड जिल्ह्यातील अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो वेण्या घालून टांगण्याची तेथील पद्धत सर्वांनी अनुसरण्याजोगी आहे. वालाच्या डाळिंब्या पावसाळ्यात सर्वांनाच हव्या असतात. त्याकरिता कडवे वाल पुन्हा एकदा ऊन दाखवून, पूर्ण थंड झाल्यावर राख मिसळून ठेवावेत. धान्य गरम असताना भांड्यात भरले तर आत ओल धरते व कीड लागते.

बियाणे राखणे

परसबागेतून हळूहळू नाहीशी होणारी गोष्ट म्हणजे घरचे बियाणे. एखाद्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पडवळ किंवा काकडी एका पावसाळ्यात हलगर्जीने गेली तर ती पुन्हा विकत मिळत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी भाज्यांची व धान्यांची बियाणी जतन करण्याचे जे काम केले, त्याबद्दल २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचा आरंभ घराच्या परसातूनच झाला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

बियाण्यासाठी वेलावरचे शेवटचे, खुरटलेले फळ राखण्याची चाल चुकीची आहे. जोमदार, निरोगी वेलावरील मधल्या बहराचे उत्तम फळ खूण बांधून राखावे आणि वेलावरच पूर्ण पिकू द्यावे. काकडीचे बी गरासह एक-दोन दिवस आंबवून धुवावे. भोपळा व दुधी यांचे बी सरळ धुऊन घ्यावे. बी सावलीत, हवेशीर जागी, सुपात पातळ पसरून वाळवावे. तापलेल्या पत्र्यावर किंवा दगडावर वाळविल्यास त्याची उगवणशक्ती कमी होते. भोपळ्याचे बी वाकविले असता कडकन मोडले, म्हणजे ते पुरते वाळले असे समजावे. नंतर ते कोरड्या राखेसह बाटलीत भरून बूच घट्ट लावावे व वर भाजीचे नाव आणि वर्ष लिहावे.

येथे दोन सूचना आवश्यक आहेत. संकरित वाणाच्या फळातील बी पुढील वर्षासाठी धरू नये. त्यापासून होणारी झाडे मूळ वाणासारखी निपजत नाहीत. दुसरे असे की, चवळी, वाल, वांगी यांचे बी बहुधा वाणाला धरून राहते. परंतु काकडी, दुधी, दोडका यांच्या फुलांवर कीटकांनी दुरून आणलेला पराग पडतो. शेजारी निराळ्या जातीचा दुधी असेल तर मादीफूल उमलण्यापूर्वी कागदी पिशवीने झाकावे आणि उमलल्यावर आपल्याच वेलाच्या नरफुलाने फळवावे. दुधी व दोडका यांची फुले सायंकाळी उमलतात, हे लक्षात ठेवावे. जुने बी पेरण्यापूर्वी त्यातील वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. सोळाहून कमी उगवले तर बी अधिक दाट पेरावे आणि दहाहून कमी उगवले तर नवे मिळवावे.

पाण्याला वाट

एका गुंठ्याचे क्षेत्र सुमारे १०१ चौरस मीटर असते. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. म्हणजे एका दिवसात १०० मिलीमीटर पाऊस झाला, आणि कोकणात तो पुष्कळदा होतो, तर एका गुंठ्यावर दहा हजार लिटरांहून अधिक पाणी पडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. त्या मानाने एका गुंठ्यावर सुमारे पंचाण्णव हजार लिटर पाणी झाले. एवढ्या पाण्याला वाट नसेल तर ते आपली वाट आपणच काढते आणि जाताना वाफ्यातील कसदार माती घेऊन जाते.

म्हणून मे महिन्यातच परसाचा उतार पाहून ठेवावा. वरच्या बाजूने येणारे पाणी अडवून बाजूने वळविण्यासाठी एक आडवा चर खणावा. मधल्या जागेत तीन फूट रुंदीचे, वीत-सव्वा वीत उंचीचे गादीवाफे करावेत व दोन वाफ्यांमध्ये फूटभर रुंदीचा पाट ठेवावा. सर्व पाट खालच्या अंगाच्या एका चराला मिळावेत. त्या चराच्या तोंडाशी अळू व केळी लावली म्हणजे वाहून येणारा गाळ तेथेच अडतो आणि त्या गाळावर ही दोन्ही पिके उत्तम पोसतात. बांधावर वाळा लावला तर त्याची मुळे माती धरून ठेवतात. चराचे पाणी शेजाऱ्याच्या परसात किंवा विहिरीकडे जाणार नाही याची काळजी घ्यावी. विहिरीचा कठडा व त्याभोवतीची माती पावसापूर्वी दुरुस्त करावी.

ढीग, जुनी लाकडे व दगड हलविताना हात सरळ आत घालू नये. फुरसे, मण्यार, घोणस यांसारखे विषारी साप अशा जागी असण्याचा संभव असतो. प्रथम काठीने ढीग मोकळा करावा, पायांत जोडे घालावेत व काम दिवसाउजेडी करावे.

पालापाचोळा हेच धन

उन्हाळ्याच्या अखेरीस परस झाडून पालापाचोळ्याची होळी करण्याची सवय घरोघर आढळते. आगीने त्यातील नत्र हवेत निघून जाते व हाती उरलेली राख पहिल्या सरीबरोबर वाहून जाते. हाच पाला शेण व मातीच्या थरांत तीन फूट खोल खड्ड्यात कुजविला तर पुढील हंगामास उत्तम खत मिळते. खड्डा पाणी न साचणाऱ्या उंच जागी असावा व त्यावर झावळ्यांचे छप्पर करावे. अन्यथा पावसाने खताचा कस धुऊन जातो.

ज्यांच्याकडे जुने शेणखत तयार असेल त्यांनी ते वाफ्यात घालण्यापूर्वी उकरून पाहावे. इंग्रजी ‘सी’ अक्षराप्रमाणे वळलेल्या जाड, पांढऱ्या अळ्या त्यात आढळल्या तर त्या नारळाचा शत्रू असलेल्या गेंडा भुंग्याच्या असण्याचा संभव असतो. त्या वेचून नष्ट कराव्यात. खत अशा रीतीने तपासून व उन्हात पसरून वापरल्यास नारळाच्या झाडांचे पुढील नुकसान बरेच टळते. कुंपणाला गिरिपुष्पाच्या फांद्या पहिल्या पावसात खोचाव्यात; त्या सहज जगतात आणि त्यांचा पाला पुढे हिरवळीचे खत म्हणून मिळतो.

कंद व वेल

पावसाळी परसबागेचा कणा म्हणजे कंद. सुरण, हळद, आले, कोनफळ व अळू ही पिके पहिल्या पावसापूर्वी किंवा पावसाबरोबर जमिनीत जावीत. सुरणाचा कंद कापताना प्रत्येक फोडीला डोळ्याचा काही भाग येईल असे पाहावे, फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवाव्यात आणि मग खड्ड्यात लावाव्यात. हळद व आले गादीवाफ्यावरच लावावे, कारण मुळाशी पाणी साचले तर कंद कुजतात. आंब्याच्या किंवा फणसाच्या अर्धवट सावलीतही हळद समाधानकारक येते, हा तिचा मोठा गुण होय. कोनफळाचा वेल शेवग्यावर किंवा कुंपणाच्या झाडावर सोडला म्हणजे वेगळ्या मांडवाची गरज पडत नाही.

वेलभाज्यांचे बी पावसाची वाट न पाहता मेच्या अखेरीस नारळाच्या करवंट्यांत किंवा कागदी पेल्यांत टोचावे. तळाला भोक पाडावे, अर्धे खत व अर्धी माती भरावी आणि रोज चमचाभर पाणी घालावे. चार गुंठ्यांना देण्याइतके पाणी नसले तरी चाळीस करवंट्यांना पुरेल इतके पाणी प्रत्येक घरी असते. पाऊस स्थिरावताच दोन-तीन पाने फुटलेली रोपे करवंटी फोडून आळ्यात लावता येतात व पीक पंधरवडाभर आधी हाती येते. दापोली विद्यापीठाच्या वाणांपैकी कारल्याचा ‘कोकण तारा’, दोडक्याचा ‘कोकण हरिता’ व पडवळाचा ‘कोकण श्वेता’ हे वाण कोकणच्या हवामानासाठीच काढलेले आहेत. घरचे बी चांगले असेल तर ते सोडू नये. दोन्ही शेजारी लावून पाहावे.

करटोलीची लागवड करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. या वेलात नर व मादी निरनिराळे असतात. केवळ मादी वेल लावले तर फळ धरत नाही. केवळ नर लावले तर फुलांखेरीज काही मिळत नाही. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल पुरतो. बियांपासून केलेल्या रोपांत कोणता वेल नर व कोणता मादी हे फुलावर येईपर्यंत कळत नाही. यास्तव खूण ठेवलेल्या मादी वेलांचे कंद मिळवून लावणे हितावह होय.

मांडव पाऊस लागल्यावर घालण्याचे योजिले तर तो बहुधा घातला जात नाही. खांब मेमध्येच दीड-दोन फूट खोल पुरावेत, भोवतीची माती ठोकून घट्ट करावी व वर बांबू आणि काटक्या बांधाव्यात. वांगी व मिरचीची रोपे रोहिणीच्या सुमारास गादीवाफ्यावर टाकावीत, म्हणजे चार-पाच आठवड्यांनी ती लावणीस येतात. रोपे कोलमडू नयेत म्हणून किलोभर बियांस ५ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा चोळावी आणि वाफ्यावर झावळ्यांचा आडोसा करावा.

परसाचा एक कोपरा मात्र खणल्यावाचून राहू द्यावा. पहिल्या सरीबरोबर उगवणारी शेवळे, मागाहून येणारा टाकळा व कुर्डू या भाज्या कोणी लावीत नाही. त्या आपण होऊन येतात. रायगड व ठाणे जिल्ह्यांत शेवळांची भाजी काकडांची आंबट फळे घालून करतात, त्यामुळे शेवळांची खाज कमी होते. लागवडीची भाजी हाती येईपर्यंतचे दोन-तीन आठवडे या रानभाज्या सांभाळून नेतात. ठाकर व कातकरी समाजातील जाणत्या स्त्रियांना त्यांची पारख उत्तम असते. अनोळखी वनस्पती त्यांना दाखविल्याखेरीज खाऊ नये.

झाडे, कलमे व वारा

आंबे खाऊन झाल्यावर फेकल्या जाणाऱ्या बाठ्यांतून पुढील पिढीची बाग उभी राहू शकते. बाठ्याची उगवणशक्ती थोड्याच आठवड्यांत संपते, म्हणून तो ताजा असतानाच ओल्या वाफ्यात लावावा. उगवलेल्या कोवळ्या रोपावर पावसाळ्यात कोय कलम बांधता येते. बांधण्याचे कौशल्य एखाद्या जाणकाराकडून पाहून शिकावे. एका हंगामात ते हस्तगत होते. नवी झाडे लावण्यासाठी एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डे मेच्या उन्हात उघडे ठेवून तापवावेत आणि पावसापूर्वी चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी जमिनीच्या किंचित वर येतील असे भरावेत. खड्डा अर्धवट रिकामा ठेवला तर पावसात त्याची डबकी होऊन रोप कुजते.

ज्यांच्याकडे सुपारी आहे त्यांनी पाऊस लागण्यापूर्वी घोसांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. याकरिता एक किलो मोरचूद व एक किलो चुना निरनिराळ्या पाण्यात विरघळवून एकूण १०० लिटर मिश्रण करावे. धातूची भांडी वापरू नयेत आणि मिश्रण त्याच दिवशी संपवावे. सुमारे सहा आठवड्यांनी उघडीप पाहून पुन्हा फवारणी करावी. कोळे रोगापासून पीक राखण्याचा हा जुना व खात्रीचा उपाय आहे. रोग दिसू लागल्यावर केलेल्या फवारणीचा तितका उपयोग होत नाही.

वाऱ्याची दखल घेणेही तितकेच आवश्यक झाले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी १०० किलोमीटरांहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड व दिवेआगर भागांतील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. पुढील वर्षी १६-१७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ कोकण किनाऱ्यालगत समुद्रातून उत्तरेकडे गेले आणि उतरणीस आलेला आंबा झाडाखाली पडला. वादळ थांबविणे कोणाच्या हाती नाही. परंतु घरावर झुकलेल्या वाळक्या फांद्या मेच्या आरंभी उतरविणे, शेवग्याचे झाड शेंगा संपताच कंबरभर उंचीवर छाटणे, केळीला टेकू देणे आणि तयार फळ झाडावर न ठेवणे, एवढे प्रत्येकाच्या हाती आहे. शेवग्याच्या छाटलेल्या जाड फांद्या पहिल्या पावसात कुंपणालगत रोवल्या तर नवी झाडे मिळतात.

पाऊस आधी आला किंवा लांबला तर

पाऊस अवेळी लवकर आला तर अर्धवट वाळलेले बी व आमसुले चुलीवरील माळ्यावर किंवा पंख्याखाली पसरून वाळवावीत. ओलसर स्थितीत डब्यात कोंबू नयेत. जमीन चिखल झालेली असताना खणू नये, कारण ती वाळल्यावर दगडासारखी होते. उघडीप मिळताच प्रथम चर मोकळे करावेत, वाफ्यांचे काम नंतर करावे.

पाऊस लांबला तर करवंट्यांतील रोपे सावलीत ठेवून जगवावीत आणि नवी पेरणी थांबवावी. कंद जमिनीत गेले असतील तर त्यांवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे. एखाद-दुसऱ्या वळवाच्या सरीला मोसमी पाऊस समजून रोपे उघड्यावर लावण्याची घाई करू नये. जमीन वीतभर खोल ओली झाली व आभाळ सलग दोन-तीन दिवस भरून राहिले, म्हणजे लावणीस हरकत नाही. मोठा पाऊस लागल्यावर मात्र झाडांच्या बुंध्याशी टेकलेले आच्छादन हातभर दूर सारावे, नाहीतर साल कुजते. रात्री गोगलगाई बाहेर पडतात. ओली गोणपाटे वाफ्याशेजारी टाकून ठेवली तर त्या त्यांखाली जमतात व सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाकता येतात.

परसबाग ही भातशेतीप्रमाणे वर्षाची मिळकत देत नाही; तिची किंमत रोजच्या ताटात कळते. पनवेलच्या आसपास जमिनीचे तुकडे लहान होत चालले आहेत आणि पुष्कळ कुटुंबांकडे आता घराभोवतीचा परस तेवढाच उरला आहे. एवढ्या जागेतही मेमध्ये तीन आठवडे रोज तासभर काम केले तर चतुर्थीपर्यंत पडवळ, शिराळी व अळू घरचे मिळते, दिवाळीनंतर सुरण व कोनफळ निघते, आणि बाटलीत राखलेले बी पुढील वर्षी शेजाऱ्यालाही देता येते. त्याकरिता पैसा फारसा लागत नाही. ऊन आहे तोवर उन्हाचे काम उरकून घेणे, एवढेच त्यासाठी पुरेसे आहे.